कातडीखालची सुई आणि हाफकिन

इन्शुलिन पोटावर घ्यायचे आहे, असे सांगितले की समोर बसलेल्या माणसाचा चेहरा उतरतो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हे मी पंचवीसहून अधिक वर्षे पाहतो आहे. काही महिन्यांपूर्वी साठी ओलांडलेल्या एक मावशी आल्या होत्या. गोळ्या चालू असूनही साखर आवाक्यात येत नव्हती आणि पायाची जखम भरत नव्हती. इन्शुलिनचे नाव काढताच त्या पिशवी उचलून उठल्या. त्यांच्या भावाला लहानपणी कुत्रा चावला होता आणि त्याला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. त्याचे ओरडणे त्यांच्या कानांत अजून होते. सुई पोटात शिरते, आतडे टोचले जाते, अशी त्यांची पक्की समजूत होती.

सिस्टरांनी त्यांना पुन्हा बसवले, त्यांच्याच दंडाची कातडी चिमटीत धरून दाखवली आणि इन्शुलिनच्या पेनची सुई हातात दिली. सुई जेमतेम चार मिलिमीटरची. ती आतड्यापर्यंत पोहोचणे शक्यच नाही, हे मावशींना डोळ्यांनी दिसले आणि त्या तयार झाल्या. मलाही जाणवले की केसपेपरवर आम्ही डॉक्टर एससी अशी दोन अक्षरे खरडतो, तेव्हा त्यांचा अर्थ रुग्णाला सांगायचा बहुधा राहूनच जातो.

एससी म्हणजे सबक्युटेनियस. लॅटिनमध्ये सब म्हणजे खाली आणि क्युटिस म्हणजे त्वचा. ग्रीकमधून आलेला हायपोडर्मिक हा शब्दही अगदी त्याच अर्थाचा. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला अधस्त्वचीय म्हणतात. बोलताना कातडीखाली म्हटले की पुरते.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्याखाली अंतस्त्वचा, जिच्यात घामाच्या ग्रंथी, केसांची मुळे आणि संवेदनेचे मज्जातंतू असतात. त्याखाली चरबीचा मऊ, सैल थर असतो आणि त्याच्याही खाली स्नायू. कातडी चिमटीत धरली की जे उचलले जाते, त्यातला हा चरबीचा थर म्हणजे आमचे एससी. बाळाला डाव्या दंडावर दिली जाणारी बीसीजी त्वचेच्या आतच देतात, म्हणून तिथे छोटा फुगवटा उठतो. गोवर-रुबेलाची लस कातडीखाली देतात. मांडीतली पेंटाव्हॅलंट स्नायूत जाते. औषध कोणत्या थरात सोडायचे, यावर ते किती वेगाने रक्तात मिसळेल आणि शरीर त्याला कसा प्रतिसाद देईल, हे ठरते. कातडीखालच्या थरात रक्तवाहिन्या स्नायूंपेक्षा कमी, म्हणून तिथले औषध सावकाश शोषले जाते. इन्शुलिनला हेच हवे असते.

मावशींच्या भावाची चौदा इंजेक्शनेही खरे तर पोटात नव्हतीच. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली रेबीजची ती जुनी लस पोटावरच्या कातडीखाली देत. मात्रा मोठी असे आणि पोटावर जागा भरपूर, एवढेच त्यामागचे कारण. ती लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शने पुरतात. पण पोटातली सुई हा शब्दप्रयोग आणि त्याची धास्ती मागे उरली.

या कातडीखालच्या थराशी ज्यांचे सगळे आयुष्य बांधले गेले, अशा एका माणसाची ही गोष्ट. परळच्या संस्थेमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. माणूस मात्र फारसा माहीत नाही.

ओडेसा ते पॅरिस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ओडेसा रशियन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक लाभले. याच मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या कातडीखाली काटे टोचून पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. शरीराच्या पेशी बाहेरून आलेल्या गोष्टीला गिळून टाकू पाहतात, हा शोध त्यातून लागला आणि पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. कातडीखाली काही टोचले की शरीर स्वस्थ बसत नाही, हा धडा हाफकिन यांना असा गुरूच्या घरचाच होता.

विद्यार्थिदशेत ज्यूंवरील हल्ल्यांच्या काळात ते स्वसंरक्षण दलात होते. ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांनी खटपट करून त्यांना सोडवले. शिक्षण पूर्ण झाल्यावर प्राध्यापकपद मिळण्याची शक्यता होती, पण त्यासाठी धर्म बदलून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्हायला हवे होते. हाफकिन यांनी ते नाकारले आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करत राहिले. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. मेचनिकॉव्ह तोवर तिथे पोहोचले होते. जागा रिकामी होती ती फक्त ग्रंथालयातली. हाफकिन यांनी तीच घेतली आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवू लागले.

त्या वर्षांत युरोपला कॉलऱ्याची धास्ती होती. स्पेनमध्ये फेरान यांनी १८८५ मध्येच कॉलऱ्याचे जिवंत जंतू कातडीखाली टोचून पाहिले होते, पण त्यांची पद्धत वादात सापडली होती. हाफकिन यांनी वेगळी वाट धरली. गिनीपिगच्या शरीरातून जंतू पुनःपुन्हा काढून त्यांनी एक जहाल वाण तयार केला आणि ऊबदार हवेच्या झोतात वाढवून दुसरा दुबळा वाण केला. आधी दुबळा टोचायचा आणि काही दिवसांनी जहाल, असा क्रम ठरला.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, कुशीच्या कातडीखाली. ताप आला, जागा दुखली आणि सगळे ओसरले. सहा दिवसांनी दुसरी सुई. मग त्यांनी मित्रांना टोचले आणि महिन्याच्या अखेरीस पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे निष्कर्ष मांडले.

अनेक जाणकारांना शंका होती आणि ती वावगी नव्हती. कॉलरा हा आतड्याचा आजार. जंतू पाण्यावाटे तोंडातून जातात आणि आतड्यातच राहतात. मग कातडीखाली टोचलेली लस आतड्याला कशी वाचवणार? या प्रश्नाचे उत्तर लोकांमध्ये जाऊनच मिळणार होते.

कोलकात्याची वस्ती

पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन पूर्वी भारतात व्हाइसरॉय होते. त्यांनी हाफकिन यांना भारताकडे वळवले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले. सुरुवातीला लोक बिथरले, काही ठिकाणी दगडही आले. तेव्हा त्यांनी आपल्या साहाय्यकांना सर्वांसमोर टोचून दाखवले. पहिल्या दोन-अडीच वर्षांत उत्तर भारतात आणि बंगाल-आसामकडे मिळून चाळीस हजारांहून अधिक लोकांनी त्यांच्याकडून टोचून घेतले.

मार्च १८९४ मध्ये कोलकात्याच्या कट्टलबागान वस्तीत कॉलऱ्याने माणसे दगावू लागली. सुमारे २०० वस्तीपैकी ११६ जणांना हाफकिन यांनी लस टोचली. त्यानंतर वस्तीत जे नवे रुग्ण निघाले, ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. एकाच तळ्याचे पाणी पिणारे, एकाच गल्लीत राहणारे लोक. काही टोचलेले, काही न टोचलेले. त्यांची तुलना करायची, ही हाफकिन यांची पद्धत. आजच्या लसचाचण्यांची ती सुरुवात म्हणता येईल.

जाणकारांची शंका मात्र पुढे बऱ्याच अंशी खरी ठरली. कातडीखाली दिलेल्या कॉलऱ्याच्या लशीचे संरक्षण अपुरे आणि थोड्या महिन्यांचे असे. पंढरीच्या वारीआधी कॉलऱ्याची सुई घेतल्याची आठवण वयस्कर वाचकांना असेल. ती सुई आज इतिहासजमा आहे. आज कॉलऱ्याची लस तोंडावाटे देतात, कारण आतड्याचे संरक्षण आतड्यातूनच अधिक चांगले जागे होते. शास्त्रात पहिले पाऊल टाकणाऱ्याचे सगळेच बरोबर येत नाही. हाफकिन यांनी लस शक्य आहे हे दाखवले, योग्य वाट नंतरच्यांनी शोधली.

मुंबईतील तीन महिने

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शहर रिकामे होऊ लागले. मलेरियाने खंगून युरोपात जाऊन आलेले हाफकिन तेव्हा पुन्हा कोलकात्यात होते. सरकारने त्यांना मुंबईला पाठवले. ७ ऑक्टोबरला ते पोहोचले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या लहानशा जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मदतीवर त्यांनी काम सुरू केले.

जंतू मोठ्या प्रमाणात वाढवायचे, तर त्यांना मांसाचा रस्सा हवा. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले तर लोक लस घेणार नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि बकऱ्याचे मांस वापरले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना लटकून, गुहेच्या छतावरून खाली येणाऱ्या खडकासारखे वाढत. अशी वाढ दिसली की ते प्लेगचेच जंतू, हे ओळखणेही सोपे होई. मग उष्णता देऊन जंतू मारायचे. म्हणजे ही लस मृत जंतूंची होती, कॉलऱ्याच्या पहिल्या लशीसारखी जिवंत जंतूंची नव्हती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुन्हा स्वतःलाच टोचून घेतले. मात्रा १० घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिली त्याच्या तिपटीहून अधिक. कातडीखाली एवढा द्रव सोडला की ती जागा किती ठणकते, हे कोणतीही परिचारिका सांगेल. ताप चढला, वेदना झाल्या, पण त्यांनी काम थांबवले नाही. त्यानंतर कॉलेजातील डॉक्टर आणि इतर काही जण पुढे आले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने टोचून घेतलेल्या कैद्यांत आणि न घेतलेल्यांत पुढे पडलेला फरक ठळक होता.

तो काळ आपण विसरता कामा नये. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच शहरात घरे तपासणे, माणसे उचलून नेणे या सक्तीमुळे संताप साचला आणि २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी डॉक्टर म्हणजे घरात घुसणारा माणूस, अशी प्रतिमा झालेली असताना हाफकिन यांना लोकांच्या कातडीखाली सुई टोचायची होती. त्यांनी ते समजावून, स्वतः आधी घेऊन केले. आगाखान तिसरे यांनी स्वतः लोकांसमोर टोचून घेतले, प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली आणि मुंबईच्या खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. विश्वास हुकमाने येत नाही, हे शंभरहून अधिक वर्षांनी कोविडच्या लसीकरणात आम्हाला पुन्हा शिकावे लागले.

लस सर्वांना वाचवत नव्हती. पण लागण आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे घटत. मागणी वाढली तशी जागा अपुरी पडू लागली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

मुलकोवाल

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. आठवड्याभराने काही जणांचे जबडे आखडू लागले. तो धनुर्वात होता. एकूण १९ जण दगावले आणि त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्यांना प्राणवायू सोसत नाही. उघड्या, वाहत्या जखमेपेक्षा कातडीखाली खोलवर बंदिस्त झालेली जागा त्यांना मानवते. एक दूषित सुई त्यांना नेमकी तिथे नेऊन सोडते. जो थर लशीसाठी सोयीचा, तोच निष्काळजीपणा झाला तर या जंतूंसाठीही सोयीचा.

सरकारने चौकशी आयोग नेमला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, ती दूषित झाली होती, असा निष्कर्ष निघाला. लस जलद तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भर दिला होता, तो बदल त्यांच्या अंगाशी आला. हीच पद्धत पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रूढ होती, हे कोणी फारसे मोजले नाही. त्यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

कागदपत्रांत मात्र दुसरी बाजू नोंदलेली होती. मुलकोवालला ती बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता. मदतनीसाने तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. शिवाय धनुर्वाताचे जंतू आत वाढलेले असते तर बाटलीला दुर्गंधी यायला हवी होती. उघडताना तशी ती आली नव्हती. म्हणजे माती बाटलीत गेली असेल तर ती उघडतानाच.

हे पटवून द्यायला पाच वर्षे गेली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावा तपासला. डासांमधून मलेरिया पसरतो हे सिद्ध करून १९०२ चे नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ च्या जुलैमध्ये नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापले गेले आणि त्या वर्षाअखेरीस हाफकिन यांच्यावरचा ठपका उतरला. ते भारतात परतले, पण परळला नाही. कोलकात्यात त्यांना प्रयोगशाळा मिळाली. नव्या लशी करून पाहण्याची मुभा मात्र मिळाली नाही. ऐन उमेदीची वर्षे संपली होती. पंचावन्नच्या आसपास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले.

उरलेले आयुष्य त्यांनी एकट्याने काढले. लग्न केले नव्हते. धर्माचे अध्ययन आणि ज्यू समाजाच्या शिक्षणाचे काम यात ते रमले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, ते त्यांना पाहायला मिळाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले, वयाच्या सत्तराव्या वर्षी.

आपल्यासाठी काय

हाफकिन निर्दोष ठरले, म्हणून मुलकोवालचे १९ मृत्यू पुसले जात नाहीत. चूक एका चिमट्याची होती, पण ती कोणाकडूनही होऊ शकली असती, अशी व्यवस्थाच तेव्हा होती. एका बाटलीतून अनेकांना टोचायचे, साधने घटनास्थळी धुवायची. आज सरकारी लसीकरणात एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज असते. लशीनंतर कोणाला त्रास झाला तर लस, बाटली, साठवण आणि टोचण्याची पद्धत या सगळ्यांची वेगवेगळी तपासणी होते. आधी एका माणसाला दोषी धरायचे आणि मग पुरावा पाहायचा, असे होऊ नये म्हणून हे नियम आहेत. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायला सांगतात, तेही कोणाला त्रास झालाच तर तिथेच उपचार करता यावेत म्हणून.

घरी इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी. बेंबीपासून दोन बोटे अंतर सोडून टोचा. रोज जागा थोडी बदला. एकाच ठिकाणी टोचत राहिले की तिथे चरबीची गाठ धरते आणि तिच्यातून इन्शुलिन नीट शोषले जात नाही, मग साखर विनाकारण वर-खाली होते. टोचल्यावर जागा चोळू नका. आणि आपली सुई किंवा पेन दुसऱ्या कोणालाही वापरायला देऊ नका, घरातल्या माणसालाही नाही.

त्या मावशी आता स्वतः इन्शुलिन घेतात. पायाची जखम भरत आली आहे. मागच्या खेपेला त्यांनी रांगेतल्या दुसऱ्या एका बाईंना कातडी चिमटीत धरून दाखवली, आणि सुई पोटात जात नाही, हे माझ्याआधी त्यांनीच समजावले.